घराण्याचं दप्तर आणि त्याच्या तीन प्रती

वंशावळ, जुनी कागदपत्रं, फोटो असं सगळं घरच्या संगणकावर जमवणाऱ्याला बॅकअपचा सल्ला देणारे लोक थेट ‘कोणती हार्ड डिस्क घ्यावी’ इथूनच सुरू करतात. माझं म्हणणं, डिस्क नंतर घ्या. आधी एखाद्या रविवारी संगणकासमोर बसा आणि जे जमलंय त्याची प्रतवारी करा. यातलं काय गेलं तर पुन्हा मिळेल, काय मिळेल पण पायपीट करून, आणि काय गेलं की गेलंच?

पहिल्या गटात सातबारा येतो, छापील कुलवृत्तांत येतो. उतारा पुन्हा काढता येतो. कुलवृत्तांताची प्रत कुणा ना कुणा भाऊबंदाच्या कपाटात असतेच. दुसऱ्या गटात शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढलेल्या जन्ममृत्यू नोंदीची नक्कल, त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांनी वही उघडून दाखवली तेव्हा टिपलेल्या पानाचा फोटो. हे पुन्हा मिळू शकतं. पण अर्ज, खेटे, ओळखी आणि ‘साहेब आज रजेवर आहेत’ हे सगळं पुन्हा सोसावं लागतं. शिवाय नोंदवहीचं ते पान तोवर अधिक विरलेलं असतं.

तिसरा गट खरा जोखमीचा. आत्याच्या आवाजातलं फोनवरचं रेकॉर्डिंग. फोटोच्या पाठीवर शाईनं लिहिलेली नावं. मोडी जाणणाऱ्या कुणी करून दिलेलं लिप्यंतर. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे तुमची स्वतःची टिपणं: हे दोन विष्णू वेगळे का मानले, दत्तक गेलेला मुलगा कोणत्या कागदावरून सापडला, कोणत्या काकांनी काय सांगितलं आणि त्यावर तुम्ही किती विश्वास ठेवला. कागद सरकारी दप्तरात असतो, पण हा विचार फक्त तुमच्या डोक्यात आणि तुमच्या डिस्कवर असतो. पुढची सगळी व्यवस्था या तिसऱ्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे.

हे सगळं आता नुसत्या हौसेपुरतंही राहिलेलं नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१ च्या आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात. एकानं शोधलेली पणजोबांची शाळेतली नोंद चुलत घरातल्या चार मुलांच्या प्रवेशाला उपयोगी पडते. तेव्हा फाइल हरवली तर बोलणी फक्त बायकोची बसत नाहीत.

आधी गोळा करा

बॅकअप एका जागेचा घेता येतो, दहा जागांचा नाही. म्हणून सगळं एका फोल्डरखाली आणा. यात सर्वात मोठी फट असते ती व्हॉट्सअ‍ॅपची. कुटुंबाच्या ग्रुपवर नागपूरच्या मावसभावानं आजोबांचा फेटा घातलेला फोटो टाकला, सगळ्यांनी हात जोडले आणि तो फोटो तिथंच राहिला. व्हॉट्सअ‍ॅप साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. चेहरा दिसतो, पण मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. त्याला फोन करा, तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा आणि आला की लगेच संगणकावर उतरवून घ्या. पाठीवर काही लिहिलंय का, हेही त्याच फोनवर विचारा. असेल तर पाठीचाही फोटो हवा.

फोल्डरची रचना फार नटवू नका. आत पाच पुरेत: ०१-मूळ, ०२-कामाच्या प्रती, ०३-आवाज, ०४-टिपणं, ०५-वंशवृक्ष. ‘मूळ’मध्ये स्कॅनरमधून किंवा कॅमेऱ्यातून आलेली फाइल जशीच्या तशी जाते आणि तिला पुन्हा कुणी हात लावत नाही. कडा कापणं, उजेड वाढवणं, फिरवणं हे सगळं ‘कामाच्या प्रती’मध्ये. विंडोजमध्ये ‘मूळ’ फोल्डरवर उजवी टिचकी मारून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आतल्या फाइली ‘रीड-ओन्ली’ करून ठेवा. कुलूप म्हणून हे कच्चं आहे, पण रात्री अकरा वाजता डोळे मिटत असताना चुकून ‘सेव्ह’ दाबण्यापासून वाचवतं.

फाइलींची नावं हा मात्र आपल्याकडे खरा घोळ आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे ‘विष्णू गोविंद’ या नावाचे एका घराण्यात तीन पुरुष सहज निघतात आणि त्यांच्या तीन फाइली एका फोल्डरमध्ये आणल्या की संगणक विचारतो, ‘जुनी काढून नवी ठेवू?’ घाईत ‘हो’ म्हटलं की एक विष्णू गेला. बायकांचं उलटं. लग्नात नाव बदललेलं, म्हणून एकाच बाईच्या दोन फाइली दोन नावांनी पडून राहतात. उपाय सोपा आहे: नावाच्या आधी इसवी सनाचं वर्ष, मग कागदाचा प्रकार, मग माणूस, मग गाव. ‘१८७४_कर्जरोखा_विष्णू-गोविंद_राजापूर’ असं. कागदावर शके १७९६ असेल तर ७८ मिळवून सन पुढं लिहा आणि शक शेवटी जोडा. चैत्र पाडव्यापासून शक बदलतो, त्यामुळे पौष-माघातल्या बऱ्याच कागदांना ७९ मिळवावे लागतात. खात्री नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. स्त्रीच्या फाइलीत माहेरचं नाव आडव्या रेघेनंतर येऊ द्या.

देवनागरीत नावं द्यायला आता हरकत नाही, विंडोज आणि मॅक दोन्ही ती नीट सांभाळतात. अडचण दोन ठिकाणी येते. जुन्या सॉफ्टवेअरनं बनवलेली झिप फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. आणि फोल्डरात फोल्डर करत पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढं गेला की विंडोजचे बरेच प्रोग्रॅम ती फाइल कॉपी करायला नकार देतात, कधी कधी न सांगता. म्हणून नावं आटोपशीर ठेवा आणि बॅकअपसाठी झिप करू नका, फोल्डर उघडंच कॉपी करा.

फॉन्ट गेला की मजकूर गेला

मराठी माणसाच्या बॅकअपमध्ये एक धोका असा आहे जो इंग्रजी मार्गदर्शनात कुठंच सापडणार नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलं. घराण्याच्या स्मरणिका, कुलवृत्तांताच्या पुरवण्या पेजमेकरमध्ये लागल्या. त्या फाइली आजही डिस्कवर सुखरूप असतील, दहा प्रती असतील, आणि तरी वाचता येणार नाहीत. कारण त्या फाइलीत ‘क’ हे अक्षर नाहीच. एखादं इंग्रजी चिन्ह आहे आणि ते ‘क’सारखं दिसायला तो विशिष्ट फॉन्ट लागतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमच्या खापरपणजोबांचं चरित्र रोमन अक्षरांची भेळ होऊन उघडतं.

अशा फाइली वेगळ्या काढा आणि हे काम लांबणीवर टाकू नका. तो फॉन्ट असलेला जुना संगणक अजून चालत असेल तर त्याच्यावरच आधी पीडीएफ बनवा. पीडीएफ बनवताना फॉन्ट आत बसवण्याचा पर्याय सुरू आहे ना, ते पाहा. निदान दिसायला पान जसंच्या तसं राहील. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरात ठेवून द्या. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा. ज्या त्या फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ‘र्‍य’मधला अर्धा र, रफार, ‘श्र’ आणि ‘क्ष’, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं या जागा हमखास फसतात. ‘कर्वे’चा रफार चुकीच्या अक्षरावर सरकला तर नवंच आडनाव जन्माला येतं. पीडीएफ एका बाजूला उघडून आडनावं आणि गावांची नावं तरी एकदा ताडून घ्या. बाकी मजकूर हळूहळू.

वंशवृक्षाच्या प्रोग्रॅमचं काय?

ग्रॅम्प्ससारखा फुकट प्रोग्रॅम वापरा नाहीतर विकतचा, प्रत्येकाचा स्वतःचा डेटाबेस असतो आणि तो उघडायला तोच प्रोग्रॅम लागतो. म्हणून महिन्यातून एकदा, आणि मोठी भर घातल्यावर लगेच, दोन निर्यात फाइली काढायच्या. एक त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या साच्यातली पूर्ण प्रत. दुसरी जेडकॉम. ही सर्वसामान्य पद्धत अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं १९८४ मध्ये काढली आणि आज वंशावळीचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ती वाचतो.

जेडकॉम काढताना अक्षरसंचाचा पर्याय विचारला तर ‘यूटीएफ-८’च निवडा. जुने पर्याय देवनागरी ओळखत नाहीत आणि लक्ष्मीबाईंच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. दुसरं, नेहमीच्या जेडकॉममध्ये फोटो नसतात, फोटो कुठं आहे याचा फक्त पत्ता असतो. २०२१ च्या ७.० आवृत्तीत फोटोंसह गठ्ठा बांधायची सोय आली, पण सगळे प्रोग्रॅम अजून तिथवर पोचलेले नाहीत. ग्रॅम्प्समध्ये फोटोंसकट एकच पॅकेज काढता येतं, ते जरूर काढा. निर्यातीच्या प्रत्येक फाइलीला तारीख द्या आणि जुनी पुसू नका. या फाइली किरकोळ आकाराच्या असतात. मागच्या वर्षी बरोबर असलेली फांदी यंदा कुणी चुकीच्या जागी जोडली, हे त्यांच्यामुळेच कळतं.

झाड फक्त ऑनलाइन संकेतस्थळावर ठेवलेल्यांनी तर आजच जेडकॉम उतरवून घ्यावी. सामायिक झाडात दुसरा सदस्य बदल करू शकतो. आणि आपल्याकडच्या दोन शाखांचं एकमत किती असतं, ते काय सांगायचं!

आता डिस्क

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला हा नियम घरगुती कामाला पुरेसा आहे. संगणकातली एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवरची दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर.

जागा किती लागेल याचा हिशेब स्कॅनच्या प्रतीवर आहे. ए-४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयनं न दाबता टिफ साच्यात ठेवलं तर सुमारे २६ एमबी होतं. ६०० डीपीआयला चौपट, म्हणजे शंभरच्या वर. अशी चारशे पानं ४० जीबी पार करतात. गूगल फुकट देतं १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटो. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी. तेव्हा फुकटच्या क्लाउडवर सगळं मावणार नाही हे गृहीत धरा. टिफ फाइली हार्ड डिस्कांवर ठेवा आणि क्लाउडवर त्यांच्या चांगल्या प्रतीच्या जेपीईजी, टिपणं, आवाज आणि जेडकॉम. तिसऱ्या गटातलं बहुतेक सगळं आकारानं लहानच असतं.

एक टीबीची साधी फिरती हार्ड डिस्क घ्या, पण एक नको, दोन घ्या. शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या. मॅक आणि विंडोज दोन्हीवर लावायची असेल तर ती ‘एक्सफॅट’ साच्यात तयार करा. जुन्या ‘फॅट-३२’मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, मग लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेली चित्रफीत नेमकी अडते. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये ठेवायला नाही. एसएसडीसुद्धा वीज न देता दीर्घकाळ पडून राहिली तर आतला मजकूर टिकण्याची हमी नसते. आणि २००५ च्या सुमाराला सीडीवर लिहून ठेवलेलं काही असेल तर ते उतरवून घेण्याची ही वेळ आहे. सीडी वाचणारा ड्राइव्हच आता नव्या लॅपटॉपांना नसतो.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क बॅकअप म्हणून निम्म्या कामाची. विजेचा झटका बसला तर दोन्ही जातात, आणि खंडणीखोर व्हायरस जे जे जोडलेलं दिसेल ते कुलूपबंद करतो. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’नं जगभर नेमकं हेच केलं होतं.

‘सिंक’वर भिस्त नको

‘माझं सगळं ड्राइव्हवर आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. क्लाउडचं फोल्डर संगणकाशी जुळवून ठेवणं, म्हणजे सिंक, ही सोय आहे, बॅकअप नव्हे. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. इथली फाइल बिघडली की बिघडलेलीच तिथं चढते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. पण आपलं काम वर्षातून चार वेळा उघडायचं, गेलेलं कळणार सहा महिन्यांनी. शिवाय विंडोज अनेकदा ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ परस्पर वनड्राइव्हशी जोडतं. ५ जीबी भरले की पुढचं चढणं थांबतं, आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या लाल खुणेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी पद्धत हवी. मॅकवर टाइम मशीन आहे, डिस्क जोडली की काम भागतं. विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ आहे, कंट्रोल पॅनेलमधून सुरू करा. ती ठरावीक फोल्डरांचीच काळजी घेते, म्हणून घराण्याचं फोल्डर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा. डी ड्राइव्हवर टाकलेलं आपोआप तिच्या नजरेत येत नाही. फ्रीफाइलसिंकसारखा प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘मिरर’ पर्याय समजून घ्या. तो उजवीकडची प्रत डावीकडच्यासारखी हुबेहूब करतो, म्हणजे डावीकडे फोल्डर रिकामं असेल तर उजवीकडचंही रिकामं. पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जपण्याचा पर्याय त्यात आहे, तो आधी लावा, मगच बटण दाबा. आणि हे काही जमत नसेल तर दर तिमाहीला तारखेचं नवीन फोल्डर करून सगळं हातानं कॉपी करा. अडाणी वाटणारी ही पद्धत मला अजूनही आवडते, कारण ती घरातल्या कुणालाही कळते.

दुसरी डिस्क कुठं ठेवायची

त्याच कपाटात नको, त्याच इमारतीतही नको. शक्यतो त्याच नदीकाठीही नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंग्रहालाही त्याची झळ बसली. २००५ लाही पुरानं या गावाला असंच गाठलं होतं. एकाच पेठेत राहणाऱ्या दोन भावांकडे दोन प्रती असणं म्हणजे अशा दिवशी एकच प्रत असणं.

आपल्याकडे अदलाबदलीचे दिवस आपोआप ठरलेले आहेत. गणपतीला गावी जाताना ताजी डिस्क न्यायची, तिथली जुनी परत आणायची, आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा तेच. कोकणात ठेवत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि माळ्यावर पत्र्याखाली नाही. तिथली उष्णता पाण्याइतकीच वाईट. मुलगी परदेशी असेल तर तिच्याकडेही एक डिस्क जाऊ द्या. दोन वर्षांनी एकदा बदलली तरी पुरतं.

डिस्क दुसऱ्याच्या घरी राहणार असेल तर जिवंत माणसांची आधार कार्डं, जन्मतारखा, जातीचे दाखले वेगळ्या फोल्डरात काढून त्यालाच पासवर्ड लावा. सगळी डिस्क कुलूपबंद करायचा मोह होतो, पण किल्ली हरवली की तुमच्यासकट सगळ्यांना ती बंद. नव्या विंडोज लॅपटॉपांवर असं कुलूप, म्हणजे कूटलेखन, न विचारता सुरू असू शकतं. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच उघडून कागदावर उतरवून घ्या.

उघडून पाहिल्याशिवाय नाही

वर्षातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावा. पाच-सहा फाइली कुठूनही निवडा. फोटो पूर्ण मोठा करून पाहा, खालचा अर्धा भाग करडा तर नाही ना. रेकॉर्डिंग शेवटच्या मिनिटापर्यंत ऐका, कारण अर्धवट कॉपी झालेल्या फाइलीची सुरुवात नेहमी ठणठणीत असते. जेडकॉम रिकाम्या ग्रॅम्प्समध्ये आत घ्या आणि माणसांची संख्या मूळ झाडाशी जुळते का ते पाहा. मग ‘कृष्णाजी’ आणि ‘लक्ष्मीबाई’ शोधा. ऋकार आणि ‘क्ष्म’ नीट उमटले तर बाकीची अक्षरंही बहुधा शाबूत आहेत. डिस्क पाच वर्षांची झाली की चालत असली तरी नवी घ्या. जुनी तिसऱ्या घरी ठेवता येते.

गावाला जाऊन आलात, कागदांचे फोटो काढलेत, तर त्याच रात्री ते संगणकावर आणि डिस्कवर दोन्हीकडे उतरवा. तोवर फोनमधून काही पुसू नका.

शेवटचं काम संगणकाबाहेरचं. एक पान लिहा: डिस्का कुठं आहेत, कोणत्या फोल्डरात काय आहे, कोणता प्रोग्रॅम लागतो, खात्याचा ईमेल कोणता, पासवर्डाची वही कुठं ठेवली आहे, आणि हे पुढं कोण सांभाळणार. ते पान घराच्या खरेदीखताच्या फायलीत ठेवा, ती फाइल तुमच्यानंतर नक्की उघडली जाते. वंशवृक्षाची मोठ्या कागदावर लेझर छपाई करून तीन-चार घरांत द्या, वीज आणि पासवर्ड न लागणारी प्रत तीच. गूगलवर ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. तिथं भाच्याचं किंवा पुतणीचं नाव घाला, म्हणजे खातं ठरावीक महिने बंद राहिलं की फाइली उतरवून घ्यायची मुभा त्यांना मिळते. ही सोय लावली नाही तर दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं, आतल्या फाइलींसकट.